यंदाचा चेहरा

"पक्कं करून द्या," मगदूम अक्का म्हणाल्या. "वरनं हात फिरवला तरी जाऊ नये, असं."

त्यांनी जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम माझ्या टेबलावर ठेवली आणि पदरानं मानेवरचा घाम टिपला. कुरुंदवाडहून एसटीनं कोल्हापुरात येऊन स्टँडपासून माझ्या दुकानापर्यंत त्या चालत आल्या होत्या, आणि त्याही एकट्या. मी त्यांच्या पाठीमागं रस्त्याकडं नजर टाकली. मगदूम सर कुठंच दिसत नव्हते.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. आमचं फ्रेमचं दुकान शाहूपुरीत. वडील गेल्यापासून ते मी एकटी चालवत होते, त्याला तेव्हा आठ वर्षं होत आली होती. एवढ्या काळात ही फ्रेम सरांशिवाय कधी आली नव्हती आणि ठरलेला दिवस सोडूनही कधी आली नव्हती. महावीर जयंती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला नवरा-बायको दारात हजर. पंचांग चुकेल, पण ही जोडी चुकायची नाही. आज तर जयंतीला अजून दहा दिवस होते.

"सर कुठायत?"

"मिरजेला, दवाखान्यात. मोतीबिंदू काढलाय. उद्या सोडतील."

"मग हे पक्कं करायचं त्यांना विचारलंय न्हवं?"

"त्यांनीच सांगितलंय," अक्का म्हणाल्या. असं म्हणताना त्या माझ्याकडं नाही, भिंतीवर टांगलेल्या गजलक्ष्मीकडं बघत होत्या.

माझ्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण मी तिला हाकललं. कारण अक्का जे करून मागत होत्या, ते करायला माझे हात आठ वर्षं शिवशिवत होते.

ते चित्र म्हणजे माझ्या डोक्याला लागलेला भुंगा होता. कोळशानं काढलेला एका पुरुषाचा चेहरा, खांद्यापर्यंत, सरळ समोर बघणारा. चित्रकलेतलं मला फार कळतं अशातला भाग नाही. माझं काम चित्राच्या चार बाजूंचं. पण काढणाऱ्याचा हात बसलेला आहे, हे माझ्यासारखीलाही दिसायचं. मगदूम सर हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. कोळसासुद्धा ते घरी करायचे, तुरीच्या काड्या पत्र्याच्या डब्यात बंद करून चुलीत भाजून.

आता कोळशाचं चित्र म्हणजे कागदावर बसलेली धूळच. शाई कागदात मुरते, कोळसा नुसता वर बसून असतो. फुंकर मारली की उडतो, काच टेकली की काचेला लागतो. म्हणून त्याच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पातळ पाणी फवारून तो जागच्या जागी बसवायचा, कागद आणि काच यांच्यात थोडी फट ठेवायची, मागून पुठ्ठा ठोकून चिकटपट्टी मारायची आणि पुन्हा म्हणून उघडायचं नाही. वडिलांनी मला शिकवलं ते हेच. आणि त्याच वडिलांनी मगदूम सरांच्या बाबतीत मात्र सांगून ठेवलेलं, "सर आले की फ्रेम उघडून द्यायची, टेबल मोकळं करून द्यायचं आणि काही विचारायचं नाही."

"का?"

"हे विचारणंच झालं की," वडील म्हणाले होते.

त्यामुळं दरसाल तोच सोहळा. मी फ्रेमच्या मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपसून काढायची. सर स्टुलावर बसायचे. अक्का पिशवीतनं स्टीलची छोटी डबी काढायच्या. डबीत घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा. सर त्यातली चिमूट घेऊन बोटांत वळायचे आणि चेहऱ्यावर एखाद्या जागी हलकेच टेकवायचे. कोळसा कणकेला लागून वर यायचा, कणीक काळी व्हायची आणि तिथला कागद पांढरा दिसायला लागायचा. मग त्या जागी नवी रेघ. अक्का शेजारी बसून मधूनच म्हणायच्या, "गाल जरा भरू देत," किंवा "मिशी ठेवा. त्याच्या आजोबांना होती." तासा-दीड तासानं सर उठायचे, तो कागद दोन्ही हातांवर तोलून शेजारच्या रफीकच्या स्टुडिओत न्यायचे, त्याचा फोटो काढून घ्यायचे आणि परत आणून माझ्यापुढं ठेवायचे. "लावा आता," एवढंच.

बदल व्हायचा तोही चिमूटभर. एका वर्षी जबडा थोडा जड, एका वर्षी डोळ्यांखाली सावली. एका साली सरांनी त्या माणसाला चष्मा लावला. पुढच्या साली आले आणि चष्मा पुसून टाकायला बसले. मला राहवलं नाही. म्हटलं, "शोभत होता की चष्मा, सर."

"तो दुसराच कुणीतरी निघाला," सर म्हणाले.

माझ्या डोक्यावरून गेलं. एकदा धीर करून विचारलंच, की हे चित्र आहे तरी कुणाचं? सर म्हणाले, "आमच्यातलाच आहे." एवढ्यावरून कुणी काय समजायचं? कधी मला वाटायचं, हे सरांचंच तरुणपणचं चित्र असणार. कधी वाटायचं, एखाद्या मास्तराला आपलं काम कधीच पसंत पडत नाही, त्यातले हे. नवरा-बायको मिळून एका चित्राच्या मागं लागलीत, लागू देत. माझी तक्रार वेगळी होती. चित्र मरत होतं. घासून घासून कागदाची लव निघालेली. कणकेच्या वासानं कसर लागायची भीती. एसटीच्या हिसक्यांनी कोळसा सुटून काचेला लागायचा. दरसाल फ्रेम उघडली की काचेच्या आतल्या अंगावर एक फिकट दुसरा चेहरा उमटलेला असायचा. तो मी ओल्या फडक्यानं पुसून टाकायची.

त्यात गेल्या साली आणखी भर. सरांच्या हाताला कंप सुटला होता आणि डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. ओठ नीट करायला गेले आणि खालचा ओठ एका बाजूला ओढल्यासारखा होऊन बसला. चांगला भला माणूस कुणीतरी थट्टा केल्यासारखा दिसायला लागला. सरांना ते कळलंच नाही. अक्का काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

आणि आता अक्काच म्हणत होत्या, पक्कं करून द्या. आंधळा मागतो एक डोळा, अशी माझी गत झाली.

"बसा," मी म्हटलं. "दोन तास लागतील."

मागच्या अंगणात सावलीला मी कागद उभा टाचला. वडिलांची पितळी फुंकणी काढली, लाखेचं पाणी फडक्यातून दोनदा गाळून घेतलं आणि हातभर लांबून फुंकत गेले. पहिला हात, वाळू दिला. दुसरा, वाळू दिला. दोन हातांवर काम भागलं असतं. पण मी चार दिले. आठ वर्षांची हौस होती ती. शेवटचा हात वाळल्यावर कागदाच्या कोपऱ्यात बोट घासून बघितलं. बोट स्वच्छ.

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. "झालं?"

"झालं. आता शंभर वर्षं काही होत नाही ह्याला."

"हात लावला तर चालेल?"

"लावा की."

त्या पुढं आल्या. आधी एक बोट त्यांनी त्या माणसाच्या कपाळाला लावलं आणि उलटं करून बघितलं. मग अख्खा तळवा त्याच्या गालावर ठेवला. ठेवला तो काढलाच नाही. मी आपली फुंकणी धुवायला गेले, धुऊन आले, तरी तळवा तिथंच. चित्राला असा कुणी हात लावत नाही. देवाच्या फोटोलासुद्धा लोक बोटं टेकवून बोटं कपाळाला लावतात. हे काय चाललंय ते मला कळेना, आणि विचारायचं तर नव्हतंच.

"काही लागलं न्हाई बघा हाताला," अक्का म्हणाल्या आणि तळवा मला दाखवला. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी अकराला दोघं आली. सरांनी काळा चष्मा लावला होता. खुशीत होते. "बाई, दुनिया धुऊन निघाल्यासारखी दिसतीय," म्हणाले. "तुमच्या दुकानाला हिरवा रंग आहे, हे मला आज कळलं."

मीही हसले. फ्रेम टेबलावर घेऊन चुका काढायला लागले. अक्कांनी पिशवीतनं डबी काढली आणि सरांपुढं ठेवली. त्या डबीकडं बघून मी चक्रावले. पक्क्या केलेल्या चित्राला कणीक कशाला? पण म्हटलं असेल, सवयीनं आणली असेल.

सरांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. कागदावर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे काय करून ठेवलं मी?" ते म्हणाले. "ओठ वाकडा केला की रे तुझा. कुणी बोललं पण नाही." मग माझ्याकडं मान वळवून, "यंदा तासभर जास्त बसावं लागेल, बाई. ओठ सरळ करतो. आणि दुसरं एक मोठं काम आहे."

मी अक्कांकडं बघितलं. अक्का डबीच्या झाकणाकडं बघत होत्या.

सरांनी कणकेची चिमूट वळली आणि त्या माणसाच्या कानापाशी, केसांवर टेकवली. उचलली. कणीक पांढरीच होती. त्यांना वाटलं नीट टेकली नसावी. पुन्हा दाबली. मग अंगठ्यानं जोर देऊन दाबली. कणकेवर कागदाचा वळ उमटला, पण काळं काही लागलं नाही. सरांनी ती उजेडाला धरली, दुसऱ्या बोटांत घेतली, वास घेऊन बघितला. मग नवी चिमूट घेतली. मला बघवेना.

"बाई, हे काय झालंय?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला, की सरांनी काही सांगितलेलं नव्हतं. अक्का अजूनही झाकणाकडंच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला दुसरं काही सुचलंच नाही.

"मीच लाखेचं पाणी मारलं, सर. चित्र खराब होत होतं. अशानं दोन-चार वर्षांत कागदच राहिला नसता."

"कधी मारलंत?"

"मागं... गेल्या साली. बंद करताना."

"मला न विचारता?"

"चुकलं माझं."

खरं सांगायचं तर मी शिव्या खायची तयारी केली होती. मास्तर माणूस, दोन शब्द लागट बोलेल, आपण ऐकून घेऊ. पण सर रागावले नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं, "निघेल का?"

"नाही निघायचं. स्पिरिटनं पुसलं तर लाख सुटेल, पण तिच्याबरोबर कोळसाही वाहून जाईल. चेहराच राहणार नाही."

सर स्टुलावर मागं सरकून बसले. हातातली कणीक ते नुसतीच वळत राहिले.

"मग आता त्याला ओळखायचं कुणी?" ते म्हणाले.

"कुणाला, सर?"

वडिलांनी घालून दिलेला नियम मी पुन्हा मोडला, पण त्या दिवशी काय काय मोडत होतं त्याला सुमार नव्हता.

"सन्मतीला," सर म्हणाले. "आमच्या मुलाला. जयंतीच्या दिवशी झाला म्हणून देवाचंच नाव ठेवलं. कॉलेज सोडतो म्हणाला. मी नाही ते बोललो. चप्पल घालून बाहेर पडला, तो आलाच नाही. एकोणीसशे एकोणऐंशी साल. एकोणीस वर्षांचा होता."

मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"पेपरात द्यायला फोटो मागितला, तर घरात होता तो दहावीतला. त्यावरनं कोण ओळखणार? रात्रीत बसून मी हे चित्र काढलं आणि तुमच्या वडिलांकडं आणलं. त्यांनी फोटो काढवून दिले, फ्रेमही केली. वर्ष गेलं. मग मनात आलं, आता मिशी फुटली असेल की. जुन्या चेहऱ्यावरनं शोधून कसं चालेल? शोधायचा तर आत्ताचा चेहरा लागतो. म्हणून दरसाल त्याला एकेक वर्षानं मोठा करतो आणि फोटो पाठवतो. आश्रमात, गोदीत, साखर कारखान्यात, जिथं सुचेल तिथं. हुबळीहून एकाचं पत्र आलं होतं, असा माणूस लाकडाच्या वखारीत आहे म्हणून, चष्मा लावतो म्हणून. तुम्ही म्हणालात ना, शोभत होता? जाऊन आलो. तो नव्हता."

दुकानात टांगलेल्या घड्याळांचा, देवांचा आणि लोकांच्या मेलेल्या आजोबांचा मला एकदम राग आला. मी दरसाल ज्याला फडक्यानं पुसत होते, तो काचेवरचा फिकट चेहरा डोळ्यांपुढं आला.

"लाख मारली म्हणजे झाला फोटो," सर म्हणाले. "भिंतीवर पक्का फोटो कुणाचा लावतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा तर धंदाच आहे तो."

"बाईंना बोलू नका," अक्का म्हणाल्या.

सरांनी मान वर केली.

"बाईंनी न्हाई केलं. मी करून घेतलं. तुम्ही मिरजेला होता तेव्हा."

मला वाटलं, आता मात्र भडका उडणार. पण सर नुसतेच बघत राहिले. त्यांना नवी दृष्टी मिळाली होती, पण समोर बसलेली बायको त्या दृष्टीला ओळखू येत नसावी.

"का पण?" ते म्हणाले.

"तुमचा हात हालतोय. गेल्या साली वाकडा झाला त्याचा ओठ. वर्षभर त्या वाकड्या ओठाकडं मला बघायला लागलं. औंदा आणि काय झालं असतं? नाक? डोळं?" अक्कांचा आवाज चढला नाही. भाजी निवडताना बोलावं तशा त्या बोलत होत्या. "आणि तुमच्या माघारी त्याला मोठा कोण करणार? मला येतंय का काढायला? काचेला लागून लागून निम्मा गेलाय तो. उरलेला माझ्याजवळ राहू दे म्हटलं."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हटला असता. बावीस वर्षं घरात हाय त्यो. एकदा हात लावता आला न्हाई मला. लावला तर जाईल म्हणून."

बाहेर रफीक कुणाला तरी हनुवटी खाली घ्यायला सांगत होता, ते ऐकू येत होतं. मला कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. सरांचं ऐकलं तर वाटत होतं, मी एका माणसाचा शोध चार हात लाख मारून थांबवला. अक्कांचा तळवा आठवला तर वाटत होतं, आठ वर्षं आधीच मारायला हवी होती. एकाच कामात एवढं पाप आणि एवढं पुण्य कसं मावतं, ते मला आजही उलगडलेलं नाही.

"दुसरं मोठं काम काय होतं, सर?" शेवटी मीच विचारलं.

सरांनी त्या माणसाच्या कानापाशी बोट नेलं. "एक्केचाळीस पूर्ण झाली काल त्याला. आमच्याकडं चाळिशी उलटली की इथं पांढरं व्हायला लागतं. माझं झालं, माझ्या वडिलांचं झालं. दवाखान्यात पट्टी बांधून पडलो होतो, तेव्हा तेच ठरवत होतो. कुठनं सुरू करायचं, किती करायचं." ते माझ्याकडं वळले. "काळं अजून करता येईल, बाई. लाखेवरही कोळसा धरतो. सुरकुती घालता येईल, मिशी वाढवता येईल. पण पांढरं कसं करू? कोळशाच्या चित्रात पांढरं म्हणजे कागद. तो उघडाच पडत नसेल तर केस पिकायचे कसे?"

"पांढरा खडू लावून बघायचा?"

सर हसले. वर्गातल्या मुलानं चुकीचं पण मनापासून उत्तर दिलं की मास्तर हसतात, तसे. "खडू वर बसतो. कलप लावल्यासारखं दिसेल ते, उलटा."

"राहू दे की काळे," अक्का म्हणाल्या. "पोराचे केस पिकलेले आईबापानं बघू नयेत."

सरांनी डबी बंद केली. "लावा आता," ते मला म्हणाले. मी काच पुसली. या खेपेला तिच्यावर काहीच उमटलं नव्हतं. मी मागचा पुठ्ठा ठोकला. त्या वर्षी ते फोटोला गेले नाहीत. जाताना फ्रेम अक्कांच्या हातात होती, आणि सर काळा चष्मा लावायचा विसरून तसेच उन्हात उतरले.

सर भाद्रपदात गेले, हे मला कळलं पुढच्या चैत्रात. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी अकराला अक्का आल्या. कपाळ मोकळं, हातात लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. कसं झालं, किती दिवस अंथरुणाला होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि फ्रेम माझ्याकडं सरकवली.

"उघडा."

"कशाला, अक्का? चांगली आहे की."

"उघडा तर खरं."

मी उघडली. अक्कांनी पिशवीतनं तीच स्टीलची डबी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. आत कणकेचा ताजा गोळा होता.

"काल बेचाळीस पुरी झाली त्याला," त्या म्हणाल्या. "जरा पांढरं करा की. मला दाखवून ठेवलंय त्यांनी कुठं करायचं ते."

"अक्का, ते आता निघत नाही. आपणच तर..."

"ठाव हाय मला."

"मग?"

"तरी करा."

मी स्टुलावर बसले. चिमूट घेतली, सर वळायचे तशी वळली आणि त्या माणसाच्या कानापाशी टेकवली. उचलली. पांढरीच. पुन्हा टेकवली. अक्का शेजारी येऊन बसल्या, जिथं दरसाल बसायच्या तिथंच. "जरा वर," त्या म्हणाल्या. "हां, तिथं. आता ह्या बाजूला. दोन्हीकडं सारखं न्हवतं यायचं त्यांचं, डावीकडं जास्त." मी डावीकडं जास्त वेळ टेकवत राहिले. असं किती वेळ चाललं कोण जाणे. एक गिऱ्हाईक दारात येऊन बघून निघून गेलं.

"बास," अक्का म्हणाल्या. "लई नको. बेचाळीसच हाय."

मी मागं सरकून बघितलं. केस होते तसेच होते, काळेभोर. ओठही होता तसाच वाकडा. अक्का मात्र मान तिरकी करून, कधी जवळून कधी लांबून बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

"आलं न्हवं पांढरं?"

"आलं," मी म्हटलं.

"त्यांच्यासारखाच दिसाय लागला."

त्यांनी तळवा त्या माणसाच्या गालावर ठेवला, थोडा वेळ ठेवून काढला, आणि म्हणाल्या, "आता फोटो. औंदाचा पाठवाय पायजे. गेल्या साली राहिला."

मी तो कागद दोन्ही हातांवर तोलून रफीकच्या स्टुडिओत गेले. रफीकनं कागद बोर्डावर टाचला, कॅमेऱ्यातून बघितलं, आणि पुन्हा बाहेर मान काढून बघितलं.

"ताई, ह्यात काय बदललंय?" तो म्हणाला. "हा तर दोन सालांमागचाच हाय. निगेटिव्ह पडलीय माझ्याकडं. त्यावरनं काढून देतो की, कशाला उगाच."

"नाही," मी म्हटलं. "हा यंदाचा आहे. लाइट लाव."